बुकर वॉशिंग्टन : सुटीत काम शोधणारा विद्यार्थी

गरीब विद्यार्थ्याच्या अडचणी मोजावयास बसले म्हणजे फी, पुस्तके आणि दोन वेळचे अन्न या तीन गोष्टी प्रथम आठवतात. आपल्या पूर्वीच्या पिढ्यांनी या अडचणींवर आपापल्या परीने उपाय शोधले होते. कोणी वार लावून जेवला, कोणी माधुकरी मागितली, कोणी नातलगाच्या घरी पाणी भरून राहिला. पुढे वसतिगृहे निघाली, शिष्यवृत्त्या आल्या, फीमाफी मिळू लागली. परंतु गरीब विद्यार्थ्याच्या वर्षात एक काळ असा असतो की त्याकडे दात्यांचे व संस्थाचालकांचे लक्ष सहसा जात नाही. तो काळ म्हणजे सुटी. वार्षिक परीक्षा संपते, वसतिगृहाच्या खोल्यांना कुलपे लागतात, खाणावळीची चूल विझते. ज्याला घर आहे तो घरी जातो. ज्याच्या घरीच टंचाई आहे, किंवा घरी जाण्यापुरते भाडेही ज्याच्यापाशी नाही, त्याने कोठे जावे? आणि पुढील वर्षाची तरतूद या दोन महिन्यांतच करावयाची असेल, तर त्याला काम कोणी द्यावे? आमचा जन्म शिक्षकाच्या पेशात गेला. जूनमध्ये शाळा उघडली म्हणजे हजेरीपटावरील एखाददुसरे नाव कमी झालेले आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्यातील कित्येक मुले परीक्षेत चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेली असत. मधल्या सुटीत ती गळाली.

याच कारणाने यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही एका परदेशस्थ थोर पुरुषाचे चरित्र निवडले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाचे शिक्षणमहर्षी बुकर टी. वॉशिंग्टन हे ते पुरुष होत. आपल्याकडे लोकमान्य टिळक व आगरकर ज्या १८५६ साली जन्मले, त्याच साली त्यांचाही जन्म झाला. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी १९०३ साली इंडियन ओपिनियन या पत्रातून वॉशिंग्टन यांच्या कार्याची ओळख आपल्या देशबांधवांस करून दिली होती. वॉशिंग्टन यांनी १९०१ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात आपण विद्यार्थी असताना प्रत्येक सुटी कशी काढली, काम कसे शोधले आणि ते कसे मिळाले नाही, याची हकीकत त्यांनी मोकळेपणाने दिली आहे. मोठ्या माणसांच्या चरित्रांत असे तपशील सहसा आढळत नाहीत.

गुलामाच्या झोपडीतील बालपण

व्हर्जिनिया संस्थानातील फ्रँकलिन परगण्यात एका शेतमळ्यावर बुकरचा जन्म झाला. त्याची आई जेन ही त्या मळ्यावर स्वयंपाकीण होती. आई गुलाम म्हणून मूलही जन्मतः गुलाम, असा त्या काळचा कायदा होता. चौदा फूट लांब व सोळा फूट रुंद अशा एका लाकडी झोपडीत ही आई आपल्या तीन मुलांसह राहात असे. झोपडीला खिडकी नव्हती आणि जमीन मातीची होती. रात्री चिंध्यांच्या गोधडीवर निजावे आणि दिवसा पडेल ते काम करावे, असा क्रम होता. मालकाच्या मुलीची पुस्तके वाहून नेण्यासाठी बुकर शाळेच्या दारापर्यंत जाई. मात्र दाराच्या आत पाऊल टाकण्याची त्याला मुभा नव्हती. गुलामास लिहा-वाचावयास शिकविणे दक्षिणेकडील त्या प्रांतात निषिद्ध होते.

१८६५ साली यादवी युद्ध संपले आणि गुलाम मुक्त झाले. बुकरचा सावत्र बाप आधीच वेस्ट व्हर्जिनियात मॉल्डन या गावी मिठाच्या भट्टीवर कामास लागला होता. त्याच्याकडे हे कुटुंब शेकडो मैलांचा प्रवास करून, बहुतांशी पायी चालत, गेले. तेथे पोहोचताच नऊ-दहा वर्षांच्या बुकरलाही भट्टीवर जुंपण्यात आले. पहाटे चार वाजता कामास आरंभ होई. प्रत्येक कामगाराच्या पिंपांवर त्याचा आकडा घालीत असत. सावत्र बापाचा आकडा १८ होता. तो आकडा पाहून पाहून बुकर तो ओळखू व काढू लागला. त्याच्या विद्येचा श्रीगणेशा हा असा झाला.

पुढे गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा निघाली. परंतु बापाला मुलाची मजुरी सोडवेना. शेवटी असे ठरले की सकाळी नऊपर्यंत भट्टीवर राबावे, नंतर शाळेत जावे आणि शाळा सुटल्यावर पुन्हा दोन तास कामावर यावे. हजेरीच्या वेळी गुरुजींनी पूर्ण नाव विचारले तेव्हा सर्व मुलांस दोन दोन नावे असल्याचे बुकरच्या ध्यानी आले. त्याला तर एकच नाव ठाऊक होते. त्याने तेथल्या तेथे आपल्या नावास वॉशिंग्टन हे नाव जोडून दिले. पुढे जगाने त्याला याच नावाने ओळखले.

काही काळ त्याला कोळशाच्या खाणीतही उतरावे लागले. तेथील काळोखात दोन खाणकामगारांचे संभाषण त्याच्या कानी पडले. हॅम्प्टन येथे कृष्णवर्णीयांसाठी मोठे विद्यालय आहे आणि तेथे गरीब विद्यार्थ्याला काम करून आपल्या खर्चाचा काही भाग भागविता येतो, असे ते बोलत होते. त्या क्षणापासून त्याला हॅम्प्टनचा ध्यास लागला. या सुमारास तो रफनर नावाच्या गृहस्थांच्या घरी महिना पाच डॉलरवर नोकरीस राहिला. या घरची मालकीण फार कडक शिस्तीची म्हणून गडी तेथे टिकत नसत. बुकर टिकला. अंगण झाडलेले असो वा कुंपणाची फळी बसविलेली असो, काम स्वच्छ, वेळेवर आणि पुरते झाले पाहिजे, हे वळण त्याला या बाईंनी लावले. पुढे हेच वळण त्याच्या उपयोगी पडले.

हॅम्प्टनची वाट

१८७२ साली सोळा वर्षांचा बुकर हॅम्प्टनला निघाला. अंतर सुमारे ५०० मैल होते आणि गाठीस पुरेसे पैसे नव्हते. ज्यांचा जन्म गुलामीत गेला अशा गावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी कोणी एखादे नाणे, कोणी एखादा हातरुमाल त्याच्या हाती ठेवला. आपल्यातील एक मुलगा घर सोडून विद्यालयात राहावयास जात आहे, याचे त्यांना अपूर्व कौतुक होते. वाटेत एका उतारशाळेत रंगामुळे त्याला जागा मिळाली नाही, तेव्हा थंडी निवारण्यासाठी त्याने सारी रात्र चालून काढली. रिचमंड शहरी पोहोचला तेव्हा जवळची शेवटची कवडी संपली होती आणि हॅम्प्टन अद्याप ८२ मैल दूर होते. तेथे लाकडी फळ्यांच्या पदपथाखाली तो रात्री निजला. सकाळी बंदरात एका जहाजातून लोखंड उतरविण्याचे काम मिळाले. ते त्याने काही दिवस केले; आणि मिळालेले पैसे खर्च होऊ नयेत म्हणून झोपण्यास त्याच पदपथाखाली जात राहिला. हॅम्प्टनच्या दारी तो आला तेव्हा त्याच्यापाशी नेमके ५० सेंट शिल्लक होते.

मुख्य अध्यापिका मिस मेरी मॅकी यांच्यापुढे हा मळक्या कपड्यांचा, कित्येक दिवस अंघोळ न केलेला मुलगा उभा राहिला. त्यांना त्याला घ्यावेसे वाटेना आणि नाहीही म्हणवेना. दुसरे विद्यार्थी दाखल होत राहिले आणि हा ताटकळत राहिला. अखेर त्यांनी त्याला शेजारचा वर्ग झाडण्यास सांगितले. बुकरने तो वर्ग तीन वेळा झाडला आणि फडक्याने चार वेळा पुसला. बाके, कोपरे, कपाटे, काही सोडले नाही. बाईंनी येऊन आपला हातरुमाल भिंतीच्या लाकडावरून व मेजांवरून फिरवून पाहिला. त्यावर धुळीचा कण लागला नाही. त्याला प्रवेश मिळाला आणि त्याबरोबर विद्यालयात झाडलोटीची नोकरीही मिळाली.

झाडू हातात घेणे हे आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या हलके मानले गेले. ते काम ज्यांच्या वाट्यास आले त्यांना आपण दूर ठेवले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. बुकरची प्रवेशपरीक्षा मात्र झाडूनेच झाली. पुढे हार्वर्ड विद्यापीठाने सन्मानाची पदवी दिली तरी या परीक्षेचा त्यांना विसर पडला नाही. तिचा उल्लेख ते मोठ्या अभिमानाने करीत.

विद्यालयात जेवणा-राहण्याचा खर्च महिना १० डॉलर होता. बुकर भल्या पहाटे उठून वर्गांतील शेकोट्या पेटवी व रात्री उशिरापर्यंत खोल्या आवरी. या कामातून तो खर्चाचा बराचसा भाग भागवीत असे. शिक्षणाची वार्षिक फी ७० डॉलर होती. ती त्याच्या आवाक्याबाहेरची होती. विद्यालयाचे प्रमुख जनरल आर्मस्ट्राँग यांनी न्यू बेडफर्ड येथील एका उदार गृहस्थाकडून ती भरण्याची व्यवस्था केली. पायमोज्यांचा एकच जोड होता. तो रात्री धुवावा, शेकोटीपाशी वाळवावा आणि सकाळी पायांत घालावा, असे चाले. अंथरुणावर दोन चादरी असतात हे त्याने आयुष्यात प्रथमच पाहिले. पहिल्या रात्री तो दोन्ही चादरींच्या खाली निजला, दुसऱ्या रात्री दोन्हींच्या वर निजला. दुसरी मुले कसे करतात ते पाहून तिसऱ्या रात्री तो नीट शिकला.

पहिली सुटी : १८७३

वर्ष संपले आणि मुले पेट्या बांधू लागली. बुकरजवळ घरी जाण्यास पैसे नव्हते आणि अन्यत्र जाण्यासही नव्हते. त्या काळी सुटीत फारच थोड्या विद्यार्थ्यांस विद्यालयात राहू देत असत. आपल्याला जावयास ठिकाण नाही ही गोष्ट सोबत्यांस कळू नये म्हणून तो धडपडत होता. वयात येऊ लागलेल्या मुलाचा हा अभिमान स्वाभाविक होय. उपाशी असल्याचे एखादा मुलगा सांगेल. परंतु आपल्याला कोणी बोलावणारे नाही, हे त्याच्या तोंडून निघणे फार कठीण असते.

त्याच्यापाशी एक जुना जादा कोट होता. तो विकून प्रवासाचे पैसे उभे करावे असे त्याने योजिले. गावात दोघाचौघांच्या कानांवर गोष्ट घातली. पुष्कळ आर्जव केल्यावर एक गृहस्थ खोलीवर येऊन कोट पाहण्यास तयार झाला. त्याने कोट उलटसुलट करून पाहिला आणि किंमत विचारली. बुकरने तीन डॉलर सांगितले. गृहस्थास किंमत रास्त वाटली. मात्र कोट आता न्यावा, पाच सेंट रोख द्यावे आणि बाकीचे पुढे जमेल तेव्हा द्यावे, असा त्याचा बेत निघाला. तो ऐकून मुलाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

दूर कोठे जाऊन चांगले काम मिळविण्याची आशा आता संपली. थोड्याच दिवसांत शिक्षक व विद्यार्थी निघून गेले आणि आवार ओस पडले. गावात व आसपास कित्येक दिवस हिंडल्यावर जवळच्या फोर्ट्रेस मन्रो या किल्ल्याच्या ठिकाणी एका उपाहारगृहात त्याला काम मिळाले. पगार जेवणखर्चाहून किंचितच अधिक होता. आधीच्या वर्षाचे विद्यालयाचे १६ डॉलर देणे त्याच्या अंगावर राहिले होते. महिना १० डॉलरच्या हिशेबाने ही दीड महिन्याहून अधिक काळाच्या अन्नाची बाकी झाली. ही बाकी फेडल्याशिवाय विद्यालयाची पायरी चढण्यास त्याचे मन धजेना. कपडे तो स्वतः धुई, अंगावर घालण्यास हवे असलेले वस्त्रही विकत घेत नसे, आणि कामाच्या मधल्या वेळात व रात्री वाचीत बसे. एवढे करूनही सुटी संपत आली तेव्हा १६ डॉलर जमले नव्हते.

शेवटच्या आठवड्यात एके दिवशी एका मेजाखाली त्याला दहा डॉलरची कोरी करकरीत नोट सापडली. अर्ध्याहून अधिक कर्ज एका क्षणात फिटण्यासारखे होते. त्याला आनंद आवरेना. तथापि जागा आपली नव्हे, तेव्हा नोट मालकास दाखविली पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले आणि त्याने ती दाखविली. मालकासही आनंद झाला. जागा माझी, सबब नोटही माझी, असे शांतपणे समजावून त्याने ती आपल्याच खिशात घातली.

बोधकथेत अशा वेळी मालक मुलाच्या सचोटीवर प्रसन्न होऊन त्याला बक्षीस देतो. आम्ही वर्गात अशा कथा पुष्कळ सांगितल्या आहेत. येथे तसे काही घडले नाही. सचोटीचे फळ त्या दिवशी मिळाले नाही, आणि ते मिळाल्याचा आव वॉशिंग्टन यांनीही आपल्या आत्मचरित्रात आणलेला नाही. हा मोठा धक्का होता एवढेच त्यांनी नमूद केले आहे.

रिकाम्या हातांनी तो विद्यालयाचे खजिनदार जनरल मार्शल यांजकडे गेला आणि आपली स्थिती त्याने सरळ सांगितली. मार्शल यांनी विचारपूस करून त्याला पुन्हा दाखल करून घेतले व कर्ज जमेल तेव्हा फेडावे असे सांगितले. कर्ज माफ झाले नाही. दान मिळते तर तो कदाचित ओशाळला असता. त्या मुलाला विश्वास मिळाला, आणि वर्षभर पुन्हा झाडू हाती घेऊन तो त्या विश्वासास पात्र राहिला.

दुसरी सुटी आणि मातृवियोग

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस थोरला भाऊ जॉन याने धाडलेले थोडे पैसे आणि एका शिक्षकाने दिलेली अल्प मदत यांवर बुकर घरी गेला. गावाने त्याचे मोठे स्वागत केले. प्रत्येक घरी एकेक जेवण घ्यावे, हॅम्प्टनच्या गोष्टी सांगाव्या, प्रार्थनामंदिरात बोलावे, असा आग्रह झाला. जे हवे होते ते मात्र मिळेना. मिठाच्या भट्ट्या बंद होत्या आणि संपामुळे कोळशाच्या खाणीही बंद होत्या. सुटीचा पहिला महिना जवळजवळ सारा काम शोधण्यातच गेला. परतीचे भाडे कोठून आणावे ही चिंता रोज वाढत होती.

महिन्याच्या अखेरीस तो कामाच्या शोधात पुष्कळ दूर गेला. तेथेही काम मिळाले नाही. परत निघावयास रात्र झाली. घर मैलभर राहिले असता पाय उचलेनात, तेव्हा वाटेवरच्या एका पडक्या, ओसाड घरात तो निजला. पहाटे तीनच्या सुमारास भाऊ जॉन त्याला शोधीत तेथे आला आणि आई रात्रीच गेल्याचे त्याने हलक्या स्वरात सांगितले. आई बरेच दिवस आजारी असे. परंतु अंत इतका जवळ आला असेल हे त्याच्या ध्यानी आले नव्हते. अखेरच्या वेळी आपण तिच्यापाशी असावे ही त्याची मोठी इच्छा होती. कामाच्या शोधात तीही गेली. आईला स्वस्थपणे ठेवता येईल अशी कमाई आपण करावी, हीच त्याच्या शिकण्यामागील एक मोठी आशा होती.

घराची घडी विस्कटली. बहीण लहान, बाप एकटा. कधी शिजलेले अन्न असे, कधी नसे. परत जाण्याचा विचार सोडावा लागतो की काय अशी वेळ आली. त्या अडचणीत रफनरबाई धावून आल्या. त्यांनी आपल्या घरी काही काम दिले. दूरच्या एका खाणीतही थोडी मजुरी मिळाली. आणि विद्यालय उघडण्यास तीन आठवडे असताना मिस मॅकी यांचे पत्र आले. विद्यालय सुरू होण्यापूर्वी दोन आठवडे येऊन इमारतींच्या सफाईत मदत करावी, असे त्यांनी लिहिले होते. खजिन्यात आपल्या नावे आगाऊ जमा करण्याची ही संधी होती. तो तत्काळ निघाला.

ते दोन आठवडे मिस मॅकी त्याच्याबरोबर खिडक्या पुशीत, खोल्या झाडीत आणि बिछाने लावीत होत्या. त्या उत्तरेकडील एका जुन्या, सुसंस्कृत घराण्यातील होत्या. अशा विदुषीने गुलामाच्या पोटी जन्मलेल्या मुलाशेजारी उभे राहून काचा घासाव्या, याचा त्याच्या मनावर जो ठसा उमटला तो जन्मभर पुसला नाही. श्रमाची प्रतिष्ठा या विषयावर व्याख्याने पुष्कळ होतात. बुकरला हा पाठ एका बाईच्या हातातील फडक्याने दिला.

१८७५ साली तो पदवीधर झाला. समारंभात भाषणासाठी निवडलेल्या गुणवंतांत त्याचे नाव होते आणि खिशात पैसा नव्हता. उसने भाडे घेऊन तो सोबत्यांसह कनेक्टिकट संस्थानातील एका हॉटेलात उन्हाळ्यापुरता वाढपी म्हणून गेला. वाढण्याच्या कामाची माहिती नव्हती. श्रीमंत पाहुण्यांनी इतके झापले की हा घाबरून त्यांना उपाशीच सोडून निघून गेला. मग वाढप्याचा भांडी वाहणारा झाला. परंतु काही आठवड्यांत ते काम शिकून त्याने आपली जागा परत मिळविली. पुढे याच हॉटेलात ते कित्येकदा पाहुणे म्हणून उतरले.

शिक्षक वॉशिंग्टन

यानंतर ते मॉल्डन येथे शिक्षक झाले. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत शिकवीत. दिवसा मुलांस, रात्री कामकरी प्रौढांस. आपल्या शिक्षणासाठी राबलेल्या भाऊ जॉनला त्यांनी हॅम्प्टनला धाडले आणि घरात वाढलेल्या दत्तक भावासही शिकविले. १८७९ साली हॅम्प्टननेच त्यांस शिक्षक म्हणून बोलावून घेतले.

तेथे जनरल आर्मस्ट्राँग यांनी रात्रशाळेची योजना काढली आणि ती वॉशिंग्टन यांच्या हाती सोपविली. ज्यांस काहीच खर्च देता येत नाही अशा मुलामुलींनी दिवसा दहा तास काम करावे व रात्री दोन तास शिकावे. त्यांना जेवणखर्चाहून थोडी अधिक मजुरी द्यावी आणि वरची रक्कम खजिन्यात त्यांच्याच नावे साठवावी. एकदोन वर्षांनी ती मुले दिवसाच्या शाळेत गेली म्हणजे ती शिल्लक त्यांच्या खर्चास लागावी. आरंभी सुमारे १२ विद्यार्थी होते. दिवे मालवण्याची घंटा झाली तरी ते पुस्तक सोडीत नसत. ज्या मुलाने पाच सेंटच्या बोलीचा अपमान सोसला आणि १६ डॉलरच्या बाकीपायी उन्हाळा जाळला, त्याच्या हाती ही योजना यावी हे उचितच झाले. काम शोधीत दारोदार हिंडण्याची पाळी विद्यार्थ्यावर येऊ नये. विद्यालयानेच काम द्यावे, मजुरी मांडावी आणि ती जपून ठेवावी, हे तत्त्व त्यात होते.

१८८१ साली अलाबामा संस्थानातील टस्कीगी गावी कृष्णवर्णीय शिक्षकांसाठी विद्यालय काढण्याचे ठरले. सरकारने शिक्षकांच्या पगारापुरते वार्षिक २,००० डॉलर मंजूर केले होते. जमीन नाही, इमारत नाही. २५ वर्षांच्या वॉशिंग्टन यांनी ४ जुलै १८८१ रोजी ३० विद्यार्थ्यांनिशी एका मोडक्या खोपटात शाळा उघडली. पाऊस आला म्हणजे एखादा विद्यार्थी गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी. गावाजवळ एक जुना शेतमळा ५०० डॉलरला विकाऊ निघाला. निम्मी रक्कम आधी भरावयाची होती. तेव्हा २५० डॉलर आपल्या जबाबदारीवर उसने दिले ते हॅम्प्टनच्या त्याच खजिनदार जनरल मार्शल यांनी. एके काळी १६ डॉलरांसाठी ज्याच्यावर विश्वास टाकला, त्याच्यावर त्यांनी पुन्हा विश्वास टाकला.

मळ्याची झाडेझुडपे तोडावयाची वेळ आली तेव्हा विद्यार्थी कुरकुरू लागले. शिक्षण घ्यावयाचे ते अंगमेहनत टाळण्यासाठीच, अशी त्यांची समजूत होती. आपल्याकडेही ही समजूत अनोळखी नाही. वॉशिंग्टन यांनी कुऱ्हाड घेतली व ते पुढे झाले. मग विद्यार्थी मागे आले. इमारतींस विटा हव्या म्हणून भट्टी लावली. तीन वेळा ती बिघडली आणि पैसे संपले. आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकून त्यांनी चौथी भट्टी लावली आणि ती साधली. घड्याळ मात्र सुटले नाही. हॅम्प्टनच्या धर्तीची रात्रशाळा टस्कीगीसही १८८४ साली सुरू झाली. सहशिक्षिका व पुढे सहधर्मचारिणी झालेल्या ऑलिव्हिया डेव्हिडसन यांचा या प्रारंभीच्या कष्टांत मोठा वाटा होता. शेतकीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे १८९६ साली येथे येऊन मिळाले.

कीर्ती, टीका आणि अखेर

१८ सप्टेंबर १८९५ रोजी अटलांटा येथील प्रदर्शनात केलेल्या भाषणाने वॉशिंग्टन देशभर प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीयांनी आधी धंदेशिक्षण, शेती व उद्योग यांत पाय रोवावेत, राजकीय हक्कांचा आग्रह तूर्त बाजूस ठेवावा, असा त्यांचा सूर होता. गोऱ्यांना तो रुचला. विद्वान ड्यू बॉइस यांनी १९०३ साली आपल्या ग्रंथात त्यावर कडक टीका केली. हक्क सोडून मिळविलेली सुबत्ता टिकत नाही आणि उच्च शिक्षणाविना समाजाला नेते मिळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य होते हे पुढील इतिहासाने दाखविले. दुसऱ्या बाजूस, मताधिकार हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांस वॉशिंग्टन गुप्तपणे पैसा पुरवीत होते, हेही त्यांच्या पश्चात कागदपत्रांवरून उघड झाले. चरित्र वाचताना दोन्ही बाजू ध्यानी घ्याव्या असे आम्हास वाटते.

१९०३ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी टस्कीगीस सहा लाख डॉलर दिले. ज्युलियस रोझनवाल्ड या व्यापाऱ्याच्या साहाय्याने त्यांनी खेडोपाडी शाळा बांधण्याची जी योजना सुरू केली, तीतून पुढे दक्षिणेत सुमारे ५,००० शाळा उभ्या राहिल्या. अतिश्रमाने प्रकृती ढासळली. न्यूयॉर्क येथे डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा, दक्षिणेत जन्मलो तेथेच देह ठेवावा म्हणून ते आगगाडीने निघाले. टस्कीगीस पोहोचल्यावर काही तासांतच, १४ नोव्हेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. मोडक्या खोपटातील ३० विद्यार्थ्यांचे त्या वेळी सुमारे १,५०० झाले होते, शंभराहून अधिक इमारती होत्या आणि ३८ धंदे व व्यवसाय तेथे शिकविले जात होते. १९४० साली अमेरिकन सरकारने त्यांचे चित्र टपाल तिकिटावर छापले. असा मान मिळालेले ते पहिलेच कृष्णवर्णीय होत. ते तिकीट दहा सेंटचे होते.

आपल्यापुरते

या चरित्रातून आपल्या कुटुंबांनी काय घ्यावे? आपल्याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कमवा व शिका ही शिकवण साताऱ्यात प्रत्यक्षात आणली, हे आपण जाणतो. परंतु अशी संस्था प्रत्येक गावी नसते. कुटुंबे मात्र प्रत्येक गावी आहेत. ज्ञातिमंडळे बक्षिसे वाटतात, शिष्यवृत्त्या देतात, ते योग्यच आहे. बुकरला जी मदत उपयोगी पडली ती मात्र निराळ्या जातीची होती. एका बाईने घरात काम दिले, दुसरीने दोन आठवडे आधी बोलावले, एका खजिनदाराने बाकी लिहून ठेवून दार उघडे ठेवले, भावाने जमेल तेवढे धाडले. यांपैकी कोणासही मोठे द्रव्य खर्चावे लागले नाही.

आपल्यापैकी कोणाचे दुकान आहे, कोणाचा छापखाना, कोणाची शेती, कोणाची कचेरी. एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या विद्यार्थ्यास हिशेब लिहिण्याचे, माल मोजण्याचे, लहान मुलांस शिकविण्याचे काम देता येणार नाही काय? ते देताना उपकाराची भाषा नसावी, मजुरी रास्त व वेळेवर असावी, आणि सापडलेली नोट घेऊन जो मुलगा आपल्याकडे येईल त्याच्याशी त्या उपाहारगृहाच्या मालकासारखे वागू नये. विद्यार्थ्यांसही आमचे सांगणे आहे की काम लहान म्हणून लाजू नये; आणि कामच मिळाले नाही तर ती आपली नालायकी समजू नये. एवढा मोठा पुरुष महिनाभर हिंडला आणि रिकाम्या हातांनी परतला. भट्ट्या बंद होत्या, दोष त्याचा नव्हता.

ज्यांच्या घरी यंदा परीक्षा आटोपून मुले आली असतील, त्यांनी शेजारी न आलेल्या मुलाचीही चौकशी करावी, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.